सरांच्या परसातलं पॉलिहाऊस: २०२४ च्या उन्हाळ्याची एक केस

मार्च उजाडला की मला दरवर्षी तेच फोन चालू होतात. टोमॅटोची फुलं गळतायत, पाणी दिवसातनं किती वेळा घालू, ग्रीन नेट पन्नास टक्के सावलीची घेऊ का पंच्याहत्तर. उत्तर एका ओळीत देता येत नाही आणि दिलं तर ते चुकतं, मी स्वतः दिलंय आणि चुकलंय. म्हणून एकच केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून ठेवतो. नाव गाव काढलंय. ज्यांची केस आहे त्यांनी वाचून हो म्हटलंय, फक्त एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं.

पार्श्वभूमी

गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं. म्हणजे महाबळेश्वरवाला सातारा डोळ्यासमोर आणू नका, इकडं कॅनॉल आहे तिथं ऊस आणि नाही तिथं बाभळी. सर म्हणजे माझे शाळेतले सायन्सचे सर, रिटायर होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्याच गावात छोटी नर्सरी चालवतो, रोपं विकतो. हे आधीच सांगतो कारण पुढं जे काय झालं त्यात या गुरू-शिष्याच्या नात्याचा बराच हात आहे. ज्या माणसानं आपल्याला वर्गाबाहेर उभं केलंय त्याला "सर, तुमचं चुकतंय" म्हणायला चाळीशीतही जड जातं.

घराच्या मागं गुंठाभर जागा. त्यात काकूंचे, म्हणजे सरांच्या मिसेसचे, चार वाफे (वांगी, मिरची, भेंडी, गवार), एक शेवगा, एक कढीपत्ता. २०२३ च्या दिवाळीआधी सरांच्या मुलानं पुण्याहून येऊन दहा बाय वीस फुटांचं पॉलिहाऊस उभं करून दिलं. जीआय पाइप, वर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म (उन्हात टिकणारं पारदर्शक प्लॅस्टिक), पुढं एक दार आणि मागच्या बाजूला वर हातभर खिडकी. बाजूचे पडदे वर गुंडाळायची सोय ठेवली नाही, कारण फॅब्रिकेटर म्हणाला त्याचे पैसे वेगळे पडतील आणि थंडीत कशाला लागतंय.

थंडीत खरंच लागलं नाही. टोमॅटो, ढोबळी, पालक, कोथिंबीर, सगळं असं आलं की काकू गल्लीत वाटत सुटल्या. खरं सांगायचं तर आपल्याकडं डिसेंबरात टोमॅटो उघड्यावर पण तेवढेच येतात, पॉलिहाऊसचं त्यात कौतुक थोडंच, पण तेव्हा सर इतके खूश होते की मी गप्प बसलो.

पाण्याचं सांगायला पाहिजे. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी, घरची बोअर आहे पण २०२३ चा पाऊस कमी झाल्यामुळं ती फेब्रुवारीपासनंच धापा टाकत होती. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. तिच्यातनं पाइप खाली अंगणात, आणि तो पाइप दिवसभर फरशीवर उन्हात पडलेला.

काय बिघडलं

मार्चच्या मध्यापासनं टोमॅटोची फुलं गळायला लागली. झाडं तब्येतीनं बरी, उंच, पण सकाळी दार उघडलं की खाली पिवळ्या फुलांचा सडा. आधी लागलेली फळं होती ती लाल व्हायच्या ऐवजी फिकट नारंगी होऊन थांबायची, काहींचं बुड काळं पडलेलं.

सरांनी अभ्यासू माणूस जे करतो ते केलं, म्हणजे व्हिडिओ बघितले. त्यातला एक परदेशातला, थंड देशातला, ग्रीनहाऊसमध्ये उन्हाळ्यात काय काय कामं करायची त्याची यादी. बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब) काढा, खालची पानं काढून टाका म्हणजे फळाला ऊन लागेल, दर आठवड्याला पोटॅशचं पाणी द्या, संध्याकाळी दार लावून घ्या म्हणजे आतली ऊब टिकेल. त्यांच्याकडं हे बरोबरच असणार, त्यांच्या उन्हाळ्यात पंचवीस डिग्री झाली की लोकं अंगणात येऊन बसतात. सरांनी यादी वहीत उतरवून घेतली आणि एकेक काम टिक करत गेले. वही मी बघितलीय, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे.

रंगपंचमीच्या दिवशी, ३० मार्चला, काकूंचा फोन. "अरे, येऊन बघून जा जरा, हे दिवसातनं तीनदा पाणी घालतायत आणि झाडं तरी माना टाकतायत."

दुपारी दोनला गेलो. दाराच्या आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ आली. सरांनी आत शाळेतला थर्मामीटर टांगला होता, डोक्याच्या उंचीला ४७. बाहेर शेवग्याच्या सावलीत ३८. खालची पानं काढल्यामुळं फळं उघडी पडलेली आणि पश्चिमेच्या बाजूची फळं भाजून त्यांच्यावर पांढरट, कागदासारखा चट्टा. मातीत बोट घातलं तर दोन पेरांपर्यंत चिखल. वाफ्याच्या कडेला पांढरी खार फुटलेली, कारण आत पाऊस पडत नाही, बोअरच्या जड पाण्यातलं आणि खतातलं मीठ धुऊन जायला वाटच नाही, ते तिथंच साठत राहतं.

पान उलटं केलं तर मागं बारीक जाळी आणि पिठासारखे लालसर ठिपके. पांढरा कागद खाली धरून पान झटकलं, ठिपके चालायला लागले. लाल कोळी. सरांनी दुकानातनं रसशोषक किडीचं औषध आणून दोनदा मारलं होतं, पण कोळी हा किडा नाहीच, आठ पायांचा प्राणी आहे, त्या औषधानं त्याला काही होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि त्याचं फावतं. काकूंनी तर जाहीर केलं होतं की फवारलेल्यातला एकही टोमॅटो त्यांच्या आमटीत पडणार नाही, ते बरंच झालं.

चारच्या सुमारास सर तिसऱ्या पाण्याला उठले. पाइप उचलून वाफ्यात सोडणार तेवढ्यात मी धारेखाली हात धरला आणि झटकन मागं घेतला. काकू मागनं म्हणाल्या, "बघ, चहा होईल यात." महिनाभर रोज दुपारी मुळांवर हे पाणी पडत होतं. पाइपातलं पहिलं गरम पाणी बादलीत काढून टाकायचं, नायतर सरळ पहाटेच पाणी द्यायचं, एवढी साधी गोष्ट, पण सायन्सच्या सरांना ती कुणी सांगितली नव्हती आणि मीही रोपं विकताना सांगितली नव्हती.

दुपारी माना टाकणं याचं पण एक सांगतो. उन्हात पान जेवढं पाणी सोडतं तेवढं मूळ ओढू शकत नाही, म्हणून पान लवतं. संध्याकाळी सातला झाड परत उभं राहिलं तर त्याला पाणी कमी नाहीये. सकाळी सहाला पण मान खालीच असेल तर मग काहीतरी गडबड आहे. सरांची झाडं मार्चमध्ये संध्याकाळी उभी राहत होती. एप्रिलमध्ये त्यातली काही सकाळी पण उभी राहिनात, तो मुद्दा पुढं येईल.

समोर काय पर्याय होते

त्या संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून सगळं मांडलं. मुलगा फोनच्या स्पीकरवर.

मुलाचं म्हणणं फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारी नोझल) आणि एक्झॉस्ट फॅन बसवू, पैसे मी देतो. मी नको म्हटलं. फॉगरची बारीक नोझल आमच्या जड पाण्यानं महिन्यात बंद पडतात, फॅनला दुपारची लाइट पाहिजे आणि ती दुपारीच जाते, आणि नळाला एक दिवसाआड पाणी असताना हवेत पाणी उडवणं शेजाऱ्यांना बघवलं नसतं. शिवाय बंद पॉलिहाऊसमध्ये नुसता फॉगर लावला तर हवा ओली होते पण थंड होत नाही, वारा खेळला तरच त्याचा उपयोग.

दुसरा पर्याय, फिल्मवर चुन्याची पातळ पोतणी. स्वस्त, एका दुपारचं काम, पावसात आपोआप धुऊन जातं.

तिसरा, पन्नास टक्क्यांची शेडनेट. ती बाहेरनं आणि फिल्मपासून फूटभर वर बांधायची. लोकं ती आतनं बांधतात, सोपं पडतं म्हणून, पण ऊन एकदा फिल्मच्या आत आलं की नेट तापते आणि ती उष्णता आतच राहते.

चौथा, दोन्ही बाजूंची फिल्म खालनं तीन फूट कापून तिथं चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची बारीक जाळी लावायची. सरांना हे पटेना. नवीकोरी फिल्म कापायची म्हणजे मुलानं दिलेली वस्तू फाडायची.

पाचवा पर्याय मी तेव्हा बोललोच नाही. टोमॅटो उपटून टाका, पॉलिहाऊस जूनपर्यंत रिकामं ठेवा.

आता मागं वळून बघताना वाटतं की त्या दिवशी खाटेवर एक साधं गणित मांडायला पाहिजे होतं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २३-२४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचा परागकण कामाचा राहत नाही, फूल गळतं. बाहेरच ३८ आहे. फॅन-फॉगर सोडले तर चुना लावा, नेट लावा, जाळी लावा, आतलं तापमान फार तर बाहेरच्या जवळ येईल, त्याच्या खाली जाणार नाही. म्हणजे सगळं अगदी नीट केलं तरी ३८-४० च राहणार आणि टोमॅटो धरणार नाहीत. हे गणित सातवीतल्या पोराला पण जमलं असतं. आम्ही दोघं, एक सायन्सचा मास्तर आणि एक नर्सरीवाला, उपाय कुठला करायचा यावर दीड तास बोललो आणि उपायातनं काय निघणार हे कुणीच विचारलं नाही.

काय केलं

पहिल्या आठवड्यात चुना मारला, नेट बांधली, आणि मुलानंच "बाबा, कापा हो" म्हटल्यावर बाजू कापून जाळी लावली. सगळं मिळून साडेचार हजार आणि माझे दोन रविवार. पाणी पहाटे साडेपाचला एकदाच, तेही मुळाशी, तासाला दोन लिटर सोडणारे ड्रिपर लावून. पोटॅश बंद, पानं काढणं बंद. कोळ्यासाठी दर तीन दिवसांनी सकाळी पानाच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, आणि आठवड्यातनं एकदा सूर्य मावळल्यावर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. गंधकाची भुकटी कोळ्यावर चांगली चालते पण एवढ्या उन्हात गंधकानं पानं करपतात, म्हणून ती मुद्दाम टाळली.

बाहेरच्या चार वाफ्यांत काकूंचा अंमल, तिथं कामं पटापट झाली. कारखान्याला ऊस गेलेल्या रानातनं पाचट आणलं आणि तीन-चार बोटं जाड अंथरलं. खोडाला चिकटवायचं नाही, वीतभर मोकळं सोडायचं, नायतर वाळवी आणि कुज. पाचट टाकल्यावर बाहेरचं पाणी रोजच्या ऐवजी दोन दिवसांनी पुरायला लागलं. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, घरी पाहुणे असोत नाहीतर लग्न असो, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी ती दोरखंड होते. गवारीला तर काही करावं लागलं नाही, गवार उन्हाळ्याचीच बाई आहे.

९ एप्रिलला पाडवा. गुढी उभारून झाल्यावर परत दुपारी दोनचं रीडिंग घेतलं, आत ४१, बाहेर ३९. सर खूश. सत्तेचाळीसवरनं एकेचाळीस! वहीत लाल पेनानं लिहिलं. खाली मात्र फुलांचा सडा तसाच. मला तिथंच कळलं होतं. सरांनी विचारलं, "काय करू, ठेवू का काढू?" आणि मी म्हटलं, "ठेवून बघा अजून आठ-दहा दिवस."

या अख्ख्या केसमध्ये माझी सगळ्यात मोठी चूक ही. कारण काय तर चौदा झाडं, प्रत्येकाला सरांनी सुतळीनं वर टांगून पाच फुटांपर्यंत नेलेलं, आणि पाडव्याच्या दिवशी "उपटा" म्हणवेना. त्या दहा-बारा दिवसांत कोळी जाळीतनं बाहेर गेला, वाऱ्यानं, कपड्यांवरनं, आणि काकूंच्या वांग्यावर पसरला. काकू मला त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त त्या महिन्यात वांग्याचं भरीत मिळालं नाही.

२१ एप्रिलला, रविवारी, एक झाड सकाळी सहाला पण मान खाली टाकून. सरांना म्हटलं हे एक काढून बघू. ओढलं तर सहज आलं. मुळं बादलीत धुतली आणि वर काढली तर मुळांची माळ झालेली, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, काही ठिकाणी दोन-तीन गाठी एकत्र होऊन आल्याच्या तुकड्यासारखं. निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. शेंगवर्गातल्या झाडांना पण गाठी असतात, पण त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या, नखानं सुटतात. इथं मूळच सुजलेलं, गाठ काढायची तर मूळच तुटतं. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "हे आम्ही पुस्तकात शिकवायचो. हातात पहिल्यांदा घेतोय."

बहुतेक दिवाळीला भरलेल्या मातीतनं आले असणार, ट्रॉलीभर माती कुणाच्या तरी जुन्या भाजीच्या रानातली होती. कायम ओली, कायम उबदार माती, वर टोमॅटोमागनं टोमॅटो, त्यांना अजून काय पाहिजे.

या गाठींनी निर्णय सोपा केला. त्याच दिवशी चौदाच्या चौदा झाडं मुळासकट काढली, खतात टाकली नाहीत, वाळवून जाळली. आणि मग मी जे बोललो त्यावर सर माझ्याकडं बघतच राहिले, की आता चुना धुवायचा, नेट काढायची, बाजू परत प्लॅस्टिकनं बंद करायच्या आणि दार लावून घ्यायचं.

म्हणजे सोलरायझेशन. आपले आजोबा उन्हाळ्यात रान नांगरून तापत ठेवायचे तीच कल्पना, फक्त झाकून. माती आधी चांगली भिजवायची, कारण ओल्या मातीतनं उष्णता खोल जाते आणि ओलीत अंडी, बी, बुरशी जागी होतात म्हणजे मरतात पण लवकर. वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक, पंचवीस मायक्रॉनचं पुरतं, काळं नको. मातीला टेकून अंथरायचं, मधे हवा नको, कडा मातीनं दाबून बंद. आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. पॉलिहाऊस बंद असलं तर डबल थर होतो, अजून तापतं. ज्या उष्णतेशी महिनाभर भांडलो तिलाच कामाला लावलं. फक्त चुना आपण लावला तो आपणच ब्रशनं घासून काढायचा होता, ते काम सरांनी एकट्यानं केलं, दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी फार बोलले नाहीत. काढायला लावलेलं वाक्य तिथलंच.

२४ एप्रिलला प्लॅस्टिक अंथरून दार लावलं. दोन इंच खोलीवर थर्मामीटर खुपसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ५१.

सुटलेली शेडनेट वाया गेली नाही. शेवग्याजवळ चार बांबू रोवून तिचा मांडव केला आणि खाली पावसाळी रोपांचे ट्रे ठेवले, ९८ कप्प्यांचे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून. मिरची २५ एप्रिलला टाकली, तिला रोप व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टोमॅटो नंतर, त्याला पंचवीस-तीस दिवस बास.

इथं अजून एक फटका बसला. ७ मे, लोकसभेचं मतदान. दोघं सकाळी लवकर गेले, रांग मोठी, मग ओळखीचे लोक, मग कुणाकडं तरी चहा, परत यायला साडेबारा. आदल्या संध्याकाळी काकूंनी मांडवाखालची जागा झाडून घेताना ट्रे फूटभर बाहेर सरकवले होते, ते तसेच उन्हात राहिले. कोकोपीट वरनं सुकलं की तासा-दोन तासात दगड होतं, आणि बारा दिवसांच्या मिरचीची मुळं दोरा ओवायच्या जाडीची पण नसतात. अडीचशेच्या आसपास कोंब होते, निम्मे गेले. त्या दिवसापासनं ट्रे जमिनीवर न ठेवता जुन्या खाटेवर नेटच्या बरोबर मधोमध ठेवले आणि पाणी सकाळ-संध्याकाळ झारीनं, हे एक काम असं आहे की उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा पाणी खरंच लागतं.

१० मेला अक्षय तृतीया. काकूंनी कुंपणाच्या कडेनं आळी केली, शेणखत घालून दुधी, दोडका, कारलं लावलं, त्यांच्या सासूबाई याच दिवशी लावायच्या म्हणून. मी त्यात काही बोललो नाही. बोलायला काही नव्हतंच, वेळ बरोबर होती.

मग मेच्या मधल्या आठवड्यात वळीव. आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब दहा मिनिटं. मांडवाची नेट सुतळीनं बांधलेली, सुतळी उन्हानं कुजून कुरकुरीत झाली होती. नेट शेजारच्यांच्या गच्चीवर, एक बांबू ट्रेवर. पॉलिहाऊस मात्र बंद असल्यामुळं टिकलं, बाजू उघड्या असत्या तर वारा आत शिरून फिल्म फुगून फाटली असती, हा योगायोगच, आमची हुशारी नाही. नंतर नेट प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि नायलॉन दोरीनं बांधली, आणि चारही कोपऱ्यांना खाली दगड.

काय निघालं

१ जूनला, साडेपाच आठवड्यांनी, प्लॅस्टिक काढलं. एकही तण नाही. वास भाजलेल्या मातीचा. बाजूंना परत जाळी लावली, यावेळी वरनं गुंडाळता येणारा पडदा पण, आणि पाऊस आल्यावर मागची खिडकी मोठी करून घेतली. दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, कारण तापवलेल्या मातीत चांगले जंतू पण कमी झालेले असतात, त्यांना परत आणायला पाहिजे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोची दहा रोपं, एका बाजूला काकडी, कडेनं झेंडू.

ऑगस्टमध्ये मुद्दाम एक झाड उपटून बघितलं. गाठी होत्या, पण मोजून सात-आठ, त्याही खालच्या टोकांना. फूटभर खोलीवर माती तेवढी तापत नाही, तिथले निमॅटोड जिवंत राहतात आणि हळूहळू वर येतात. म्हणजे एका उन्हाळ्यात प्रश्न मिटला नाही, पण पीक निघालं. दहा झाडांच्या जिवावर गणपतीपर्यंत घरात टोमॅटो विकत आणला नाही, आणि पावसाळ्यात टोमॅटोचा भाव कसा असतो ते तुम्हाला माहिती आहे.

दोडक्याचं सांगायचं राहिलं. जुलैत दोडक्याला आणि दुधीला कोवळी फळं यायची आणि पिवळी पडून गळायची. सरांना परत उष्णतेचा संशय. ते परागीभवन होत नव्हतं एवढंच होतं. या दोघांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाशी घरी गेलेली असते. काकू मग रोज दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायच्या, ज्याच्या मागं इवलीशी दुधी असते ती मादी. कारल्याला हे लागत नाही, ते सकाळचं गडी आहे.

परत करायचं झालं तर

काही गोष्टी सर आणि मी दोघांना मान्य आहेत. पॉलिहाऊस बांधतानाच बाजूचे पडदे घ्यायला पाहिजे होते, वाचवलेले पैसे नंतर दुपटीनं गेले. बाहेरनं आणलेली माती वापरायच्या आधी तापवायला पाहिजे होती, किंवा निदान कुंडीत एक-दोन रोपं लावून महिन्यानं मुळं बघायला. झाड मान टाकतंय म्हटल्यावर पहिल्याच दिवशी एक झाड उपटायला पाहिजे होतं. चौदातलं एक गेलं असतं तर काय बिघडलं असतं, पण हे ३० मार्चला ना मला सुचलं ना सरांना.

काही बाबतीत मतभेद आहेत. सर म्हणतात नेट आणि चुन्याचे साडेचार हजार वाया गेले. माझं म्हणणं नेट अजून वापरात आहे, वाया गेला तो चुना आणि तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांचा हिशोब असा, की ३० मार्चलाच झाडं काढून २ एप्रिलला प्लॅस्टिक अंथरलं असतं तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात जमीन मोकळी झाली असती आणि कोळी वांग्यावर गेलाच नसता. सर यावर म्हणतात, "मग तू बोलला का नाहीस?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

सरांनी मग स्वतःची नवीन यादी केली, त्या परदेशी यादीच्या समोरच्याच पानावर. फेब्रुवारी संपायच्या आत बाहेरची नेट तयार. टोमॅटोची शेवटची तोडणी मार्चअखेर, फुलं असली तरी काढायचं. एप्रिल-मे आत काही लावायचं नाही. पाणी साडेपाचला. थर्मामीटरचं रीडिंग रोज दुपारी दोनला, आत आणि बाहेर दोन्ही.

२०२५ ला त्यांनी सगळं यादीप्रमाणं केलं, एक सोडून. मुलाच्या घरची वास्तुशांत एप्रिलमध्ये आली, दोघं पुण्याला तीन आठवडे, म्हणून प्लॅस्टिक १ मेला अंथरलं. आणि मे २०२५ कसा गेला ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको, निम्मा महिना ढग आणि पाऊस, मान्सूनच २६ मेला मुंबईत. पंचवीस तारखेला दुपारी सरांचा फोन आला, बाहेर धो धो चालू होतं, आवाज नीट येत नव्हता.

"अरे, मातीत एकतीस दाखवतंय. काढू का ठेवू?"

या वेळी मी लगेच म्हटलं, "काढा सर."